काचबिंदूचा थेंब आणि घरातले हात

काचबिंदूवरच्या औषधाची एक नेहमीची बाटली अडीच मिलीलिटरची असते. तिच्यातून साधारण ऐंशी थेंब निघतात. रोज रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकायचा, तर महिन्याला साठ थेंब लागतात. म्हणजे महिनाभरात फार तर वीस थेंब वाया गेले तरी चालेल, एवढीच सवड. आता ही बाटली सत्तरी ओलांडलेल्या, संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाच्या हातात द्या. पहिला थेंब गालावर ओघळतो, दुसरा पापणीवर पडतो, तिसरा डोळ्यात जातो. या हिशेबाने बाटली तेराव्या-चौदाव्या दिवशीच संपते. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या तांड्यावर असे झाले, की नव्या बाटलीसाठी बाजाराच्या दिवसाची किंवा हिंगोलीला जाणाऱ्या कुणाची तरी वाट पाहावी लागते.

मधले पंधरा दिवस थेंबाविना जातात. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरेतही काही फरक जाणवत नाही. घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आत मात्र डोळ्याची नस वाळत राहते.

पुढच्या तपासणीला डॉक्टर विचारतात, “औषध नियमित टाकता ना?” आजोबा म्हणतात, “टाकतो की, रोज टाकतो.” ते खोटे बोलत नसतात. बाटली होती तोवर त्यांनी रोजच टाकले होते, आणि संपली तेव्हा डोळ्याला काही होतही नव्हते. हा लेख त्या मधल्या पंधरा दिवसांबद्दल आहे. निदान झाल्यावरही काचबिंदूने नजर जाते ती अनेकदा अशा दिवसांत, आणि ती वाचवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

झरा चालू, पाट तुंबलेला

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, इतका थोडा. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. तो डोळ्याच्या आतच फिरतो, आतल्या भागांना पोसतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतो. विहिरीचा झरा चालू असावा आणि पाणी बाहेर नेणारा पाट गाळाने भरत जावा, तसे या जाळीचे होते. पाणी येत राहते, जायला वाट कमी पडते, आणि डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाबासारखाच तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. सर्वसाधारण डोळ्यात तो १० ते २१च्या दरम्यान असतो. काहींची नस इतकी नाजूक असते, की या मर्यादेतला दाबही तिला सोसत नाही. म्हणून एकदा दाब मोजून ‘ठीक आहे’ म्हणणे पुरेसे होत नाही, नसही तपासावी लागते.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. दाबाने एकेक तंतू मरतो आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. सुरुवातीला बाजूची नजर जाते. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणूस समोरच्याला ओळखतो, नोटा मोजतो, पोथीही वाचतो. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि जे दिसत नाही तिथे मेंदू आपल्या अंदाजाने चित्र पुरे करतो. मग आजी उंबऱ्याला ठेचकाळू लागतात. बाजूने आलेली मोटारसायकल बाबांना अचानक समोर उगवल्यासारखी वाटते. घरातले म्हणतात, ‘वय झालं आता.’ कधी कधी ते वय नसते, काचबिंदू असतो.

आणखी एक प्रकार आहे. त्यात जाळीकडे जाणारी वाटच एकाएकी बंद होते. डोळा भयंकर दुखतो, कपाळ ठणकते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. अशा वेळी पित्ताच्या गोळ्या घेऊन रात्र काढू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचावे, कारण काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. पण आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांचा काचबिंदू असा आरडाओरडा करत येत नाही. तो गुपचूप येतो, आणि म्हणूनच त्याच्या औषधाचा कंटाळा येतो.

मोतीबिंदूने लावलेली सवय

मराठवाड्याला मोतीबिंदू चांगला ठाऊक आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९७६ साली सुरू झाला, आणि पुढे गावोगावच्या शिबिरांतून लाखो शस्त्रक्रिया झाल्या. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव आजही खेड्यापाड्यांत आदराने घेतले जाते, ते याच कामामुळे. जवळजवळ प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतो, ज्याची पट्टी दुसऱ्या दिवशी सुटली आणि त्याने नातवंडांचे चेहरे नव्याने पाहिले. डोळ्याचा इलाज कसा असतो, याची आपली कल्पना या अनुभवातून घडली आहे. ऑपरेशन झाले, दिसू लागले, चष्मा मिळाला, विषय संपला.

काचबिंदू या अपेक्षेत बसत नाही. दोन्ही नावांत ‘बिंदू’ असला तरी दोन्ही आजार वेगळे आहेत. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवता येते. काचबिंदूत नस जाते, आणि नस बदलता येत नाही. थेंब असोत, लेसर असो वा शस्त्रक्रिया असो, तिन्हींचे काम दाब कमी करून उरलेली नजर राखणे एवढेच. गेलेली नजर त्यांतले काहीही परत आणत नाही. ‘पिकू द्या, मग काढू’ हा मोतीबिंदूचा जुना सल्ला काचबिंदूला लावला, तर पिकेपर्यंत काढायला काही उरत नाही.

म्हणून आजी जेव्हा विचारतात, “इतके दिवस औषध टाकतेय, नजर काही वाढली नाही, मग टाकू तरी कशाला?” तेव्हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो. त्याला ‘डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. खरे उत्तर एका मोठ्या प्रयोगातून मिळते. इंग्लंडमध्ये नव्याने काचबिंदू सापडलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला लॅटानोप्रोस्ट या औषधाचे थेंब दिले, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारे पण औषध नसलेले थेंब. कुणाला काय मिळते हे कुणालाच माहीत नव्हते. दोन वर्षांनी पाहिले, तेव्हा औषध नसलेल्या गटात शंभरातल्या सुमारे २६ जणांची नजर आणखी आकसली होती, आणि औषधाच्या गटात सुमारे १५ जणांची. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

आजींना हे असे सांगता येईल: “हे औषध तुमची नजर वाढवण्यासाठी नाही. आज जेवढं दिसतंय तेवढं पुढच्या दिवाळीलाही दिसावं, म्हणून आहे. फरक जाणवत नाही, म्हणजे औषध निकामी आहे असं नाही.” कुंपण घातलेल्या शेतात जनावर शिरले नाही, तर कुंपण निकामी होते असे कोणी म्हणत नाही.

आपण समजतो तेवढे थेंब पडतात का?

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख माणसांना काचबिंदू असावा, असा तज्ज्ञांचा २०१०चा अंदाज आहे. तमिळनाडू आणि आंध्रात लोकांना गावोगाव तपासले, तेव्हा चाळिशीपुढच्या शंभरांत साधारण अडीच ते चार जणांना तो सापडला, आणि त्यांतल्या दहांपैकी नऊंहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या वर होती. त्यातला पाव हिस्सा चाळिशीपुढचा धरला आणि शंभरात अडीचचेच प्रमाण लावले, तरी माझा ढोबळ हिशेब सात हजारांच्या खाली येत नाही. यांतल्या ज्यांना निदान तरी झाले, ते थोडके लोक. त्यांचे थेंब तरी डोळ्यात पडायला हवेत.

पण ते पडतात का, हे विचारून कळत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८६ साली थेंबाच्या बाटलीला नोंद ठेवणारे यंत्र बसवले आणि १८४ रुग्णांना ती दिली. रुग्णांनी सांगितले, शंभरातले ९७ डोस घेतले. यंत्राने सांगितले, ७६. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र हे प्रमाण एकदम वर जात होते. २००९ साली तिथेच असा आणखी एक अभ्यास झाला. औषध फुकट दिले होते, नोंद होते आहे हे रुग्णांना माहीत होते, तरीही जवळजवळ ४५ टक्के लोकांनी पाऊण हिश्शापेक्षा कमी डोस घेतले. तेव्हा हा अडाणीपणाचा, खेड्याचा किंवा हट्टी म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. जे औषध न घेतल्याने काहीच जाणवत नाही, ते माणसाच्या हातून सुटते. शिकलेल्यांच्याही सुटते.

तपासणीआधीच्या या धांदलीचा एक घातक परिणाम आहे. दवाखान्यात जायचे म्हणून दोन-तीन दिवस थेंब नीट टाकले, की त्या दिवशी दाब बरोबर येतो. नस मात्र मधल्या काळात खराब झालेली असते. डॉक्टरांना दिसते ते असे: दाब आटोक्यात, तरी आजार पुढे सरकतोय. मग ते दुसरे औषध वाढवतात, कधी तिसरे, कधी शस्त्रक्रियेचा विचार करतात. ‘गेले पंधरा दिवस बाटली नव्हती’ हे एक वाक्य खरे सांगितले असते, तर हा सगळा फेरा टळला असता. म्हणून डॉक्टरांनी रागावू नये आणि रुग्णाने लपवू नये. ‘महिन्यात कितीदा राहून जातं?’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक.

आणि टाकला तरी थेंब डोळ्यातच पडतो असे नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत काचबिंदूच्या ७० रुग्णांना डॉक्टरांसमोर थेंब टाकायला सांगितले. सगळे टप्पे बरोबर करणारे त्यांत अवघे सहा निघाले. बहुतेकांनी बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला टेकवले. हे लोक दवाखान्यात उपचार घेत असलेले होते. 

हिंगोलीत थेंब कुठे गळतो

आता आपल्या गावाकडे येऊ. पहिली गळती हातांची. दसरा झाला की मराठवाड्यातल्या कित्येक वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुलगा-सून सहा-सहा महिने फडावर असतात आणि घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे. पावसाळ्यात सून रोज रात्री सासूच्या डोळ्यात थेंब सोडत होती. दिवाळीनंतर तो हात घरात नसतो. टोळीबरोबर जाताना म्हाताऱ्यांसाठी धान्य, रॉकेल, पैसे यांची सोय लावली जाते. थेंब कोण टाकणार, याचीही सोय तेव्हाच लावायला हवी. शेजारीण, भावजय, दहा-बारा वर्षांची नात, कुणीही चालेल. पण नाव ठरलेले असावे.

दुसरी गळती अंतराची. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. मोठ्या तपासण्यांसाठी अजूनही अनेकांना नांदेड, परभणी किंवा जालन्याचा रस्ता धरावा लागतो. २०२४मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे पुढे चित्र बदलेल अशी आशा आहे. तोवर हे लक्षात ठेवावे: एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३पासून सर्व वयाच्या महिलांनाही अर्धेच तिकीट आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड बरोबर ठेवले की झाले. आजींना तपासणीला नेताना तिकिटाचा खर्च हे आता कारण राहिलेले नाही.

तिसरी गळती पैशाची, आणि ती वेगळ्या प्रकारची आहे. ऑपरेशनचा खर्च एकदाच येतो. त्यासाठी पाहुणे मदत करतात, योजना असतात. थेंबांचा खर्च दर महिन्याला, मरेपर्यंत येतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे; रोजची बाटली तिच्यात बसत नाही. पण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे आपला ड्रॉप आहे का, हे विचारावे. नसेल तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची स्वस्त बाटली मिळते का ते पाहावे. आणि परवडत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. १९७८पासून वापरात असलेले टिमोलॉल हे बऱ्याच नव्या औषधांपेक्षा स्वस्त आहे. मात्र दमा असलेल्यांना किंवा नाडी मंद चालणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून दमा असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगायलाच हवे. डोळ्यात टाकलेले औषध अंगात जात नाही, ही समजूत चुकीची आहे.

चौथी गळती उन्हाची. लॅटानोप्रोस्टच्या नेहमीच्या बाटल्या उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, आणि उघडल्यावरही पंचवीस अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; पत्र्याच्या घरात तर विचारू नका. घरात फ्रिज नसेल, तर चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगा. फ्रिजविना टिकणारी औषधेही मिळतात. बाटली खिडकीत, चुलीजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. प्लास्टिकच्या डबीत घालून माठाशेजारच्या गारव्यात ठेवा. फ्रिज असेल तर त्याचा एक फायदाही आहे. गार थेंब डोळ्यात पडला की जाणवतो, त्यामुळे तो आत गेला की गालावर, हे म्हाताऱ्या माणसाला लगेच कळते.

पाचवी गळती उपास-तापासाची आणि वारीची. नर्सी हे संत नामदेवांचे गाव; तिथून आणि आसपासच्या गावांतून आषाढीला माणसे पंढरपूरला चालत जातात. पिशवीत टाळ असतात, पोथी असते, शुगर-बीपीच्या गोळ्याही असतात, पण डोळ्याची बाटली घरी फळीवर राहते. वारीला निघताना ती आधी पिशवीत जाऊ द्या. एकादशीच्या उपवासाला थेंब चालतो का, असा प्रश्न अनेक घरांत निघतो. थेंब म्हणजे अन्न नव्हे, तो टाकावाच. रमजानमध्येही बहुतेक उलेमांचे मत असे आहे, की डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही. तरी मनात शंका राहत असेल, तर फक्त रात्री टाकायचे औषध देता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. शंकेपायी महिनाभर औषध बंद ठेवू नये.

शेवटची गळती मेडिकलच्या काउंटरवर होते. डोळा लाल झाला, खाज आली, हळदीच्या हंगामात धूळ आणि धूर लागून चुरचुरू लागला, की दुकानातून कुठला तरी ड्रॉप आणला जातो. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असते. त्याने लाली एका दिवसात जाते, म्हणून ती बाटली घरभर फिरते आणि महिनोन्‌महिने वापरली जाते. पण स्टेरॉइडने काही लोकांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि त्यातूनच काचबिंदू होऊ शकतो. घरात काचबिंदूचा माणूस असेल, तर चिठ्ठीशिवाय कुठलाही ड्रॉप घरात येऊ देऊ नका.

औषधाचा त्रास होतो म्हणून ते गुपचूप बंद करणारेही पुष्कळ असतात. रात्रीच्या थेंबांनी डोळे थोडे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. एका औषधाने तोंड कडू होते, दुसऱ्याने गुंगी येते. यांतले बरेचसे त्रास औषध बदलून किंवा टाकण्याची रीत सुधारून कमी होतात. त्यासाठी डॉक्टरांपर्यंत तक्रार पोहोचली पाहिजे. ती पोहोचण्याआधीच बाटली उकिरड्यावर गेली, तर नजरही तिच्यामागे जाते.

थेंब टाकायची रीत

हात साबणाने धुवा. रुग्णाला बाजेवर आडवे करा किंवा भिंतीला डोके टेकवून बसवा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली, की तिथे छोटा खिसा तयार होतो. रुग्णाने वर, आढ्याकडे पाहावे. बाटली डोळ्याच्या वर बोटभर अंतरावर धरा आणि एकच थेंब त्या खिशात सोडा. टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला कुठेही लागू देऊ नका.

एकच थेंब का? बाटलीतला एक थेंब डोळ्यात मावणाऱ्या द्रवापेक्षा आधीच मोठा असतो. दुसरा थेंब टाकला तर तो पहिल्यालाच बाहेर ढकलतो. दोन वेगळी औषधे असतील, तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या.

थेंब पडला की डोळा हळूच मिटा. घट्ट आवळू नका, पापण्या फडफडवू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे दाब द्या. डोळ्यातले पाणी तिथल्या नळीतून नाकात आणि घशात उतरते. ती वाट दाबून धरली, की औषध डोळ्यात टिकते, घसा कडू होत नाही, आणि टिमोलॉलसारखे औषध अंगात कमी जाते. ही दोन मिनिटे मनातल्या मनात नाव घ्यायला पुरेशी आहेत.

बाटली उघडलेल्या दिवसाची तारीख तिच्या चिठ्ठीवर पेनाने लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिनाभरातच वापरायच्या असतात. एखादा डोस राहिला, तर आठवेल तेव्हा टाका. पण दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकू नका. आणि बाटली अर्धी झाली, की नवी आणा. रिकामी होण्याची वाट पाहू नका.

ठरलेली वेळ, ठरलेला माणूस

वर सांगितलेल्या २००९च्या अभ्यासाचा पुढचा भाग आशेचा आहे. जे लोक पाऊण हिश्शापेक्षा कमी थेंब टाकत होते, त्यांतल्या एका गटाला आजाराची माहिती नीट समजावली, आठवणीसाठी गजर दिला आणि अधूनमधून फोन केले. तीन महिन्यांत त्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर गेले. ज्यांना अशी साथ मिळाली नाही, ते जवळपास होते तिथेच राहिले. औषध तेच होते. वाढली होती ती साथ.

आपल्या घरात ही साथ द्यायला यंत्र लागत नाही. रात्रीचा थेंब जेवणाशी किंवा हरिपाठाशी बांधा; दोन वेळचा असेल तर सकाळच्या चहाशी आणि सांजवातीशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक बारीक खूण करा, आणि तपासणीला जाताना त्या महिन्याचे पान बरोबर न्या. डॉक्टरांना यापेक्षा खरी नोंद मिळणार नाही. फडावर, पुण्याला किंवा मुंबईला असलेल्या मुलांनी रात्री फोन केला, की ‘जेवलीस का?’ च्या पाठोपाठ ‘थेंब टाकला का?’ हेही विचारावे. आशाताई शुगर-बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतात, तशी डोळ्याच्या बाटलीचीही केली, तर कित्येक घरांतली गळती तिथेच कळेल.

ज्यांना थेंब टाकणे खरोखरच जमत नाही, त्यांच्यासाठी लेसरचा पर्याय असतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत लेसरने ती तुंबलेली जाळी थोडी मोकळी करता येते. इंग्लंडमधल्या एका मोठ्या प्रयोगात आधी लेसर केलेल्या रुग्णांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज लागली नाही. टांझानियात, म्हणजे आपल्यासारखीच अंतरे आणि आपल्यासारख्याच अडचणी असलेल्या देशात, एका वर्षानंतर लेसर ६१ टक्के डोळ्यांत यशस्वी ठरले आणि टिमोलॉलचे थेंब ३१ टक्क्यांत. हे प्रत्येकाला लागू होत नाही, आणि लेसरनंतरही तपासणी सुटत नाही. पण विचारायला हरकत नाही, आणि विचारावेच.

आणखी एक गोष्ट घराने करायची आहे. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. आई-वडिलांना किंवा भावंडाला असेल, तर आपल्याला होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. आजींना तपासणीला नेणाऱ्या चाळिशीपुढच्या मुलाने, मुलीने त्याच दिवशी आपलाही दाब आणि नस तपासून घ्यावी. फेरी तीच, एसटी तीच.

आज रात्री घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या औषधाची बाटली हातात घ्या. उघडल्याची तारीख पाहा, हलवून किती उरले ते पाहा, आणि म्हणा, “टाका बघू, मला बघू द्या.” थेंब गालावर पडला, तर रागावू नका. बाजेवर आडवे करा, पापणी धरा, आणि तो तुम्ही टाका. मग उद्या कोण टाकणार, हे दिवा मालवण्याआधी ठरवा.